डस्टर एडब्ल्यूडी : एक वर्ष, १३,००० किलोमीटर आणि टायरचा धडा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका वर्कशॉपने माझ्या हातात ७८,००० रुपयांचं एस्टिमेट ठेवलं. 'मागच्या डिफरन्शियलचं कपलिंग गेलंय, बदलावं लागेल.' (कपलिंग म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच.) साडेपाच लाखांना घेतलेल्या जुन्या गाडीवर अठ्ठ्याहत्तर हजार! त्या रात्री गाडी विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. कपलिंगला काहीही झालेलं नव्हतं. घोळ टायरचा होता. जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह (एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी रेनो डस्टर, २०१६ ची, ११० पीएसचं डिझेल, सहा गिअर, मॅन्युअल. सासुरवाडी वेल्ह्याच्या पुढे आहे. पुण्यातल्या धायरीहून खानापूर, पाबे घाट, वेल्हे, आणि डांबर संपलं की शेवटचा दीड किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता. मधे एक ओढा, ओढा ओलांडला की लगेच चढ. सासऱ्यांची भातशेती आहे, त्यामुळे जून ते नोव्हेंबर जाणं चुकत नाही. ग्रँड विटाराची ऑलग्रिप (तिची ऑल-व्हील आवृत्ती) आणि हायरायडर आवाक्याबाहेर. जिम्नीला लो रेंज (खूप हळू, पण जास्त जोराने ओढणारे जादा गिअर) आहे, खऱ्या ऑफरोडला तीच घ्यावी. पण चार माणसं बसली की पोतं ठेवायला जागा उरत नाही. डस्टरला लो रेंज नाही, मात्र पहिला गिअर इतका आखूड आहे की चढावर क्लच न जाळता मुंगीच्या पावलाने वर जाता येतं. २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ४१० लिटरची डिकी. दहा वर्षं झाली की डिझेल गाडी भंगारात, अशी भीती घालणारे बरेच भेटले. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करायची असते.

नोव्हेंबर ते मे मी या गाडीवर थोडा नाराजच होतो. सात महिन्यांत मोडचा नॉब (टू-व्हील, ऑटो, लॉक) तीनदा फिरवला असेल. कोरड्या मातीवर फक्त पुढची चाकं ओढणारी साधी टू-व्हील डस्टरही आरामात गेली असती, आणि ती लाखभराने स्वस्त मिळत होती. ॲव्हरेज सोळाच्या आसपास. नको त्या गोष्टीला पैसे घातले, असं बायकोला दोनदा बोलूनही दाखवलं.

जूनमध्ये मत बदललं. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी टू-व्हीलवर होती. पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली, बॉनेटवर लाल चिखल उडाला. नॉब लॉकवर घेतला, पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावला. मागून कोणी हात दिल्यासारखी गाडी उचलली गेली. या सिस्टीममध्ये ताकद मुळात पुढच्या चाकांनाच जाते. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी विजेवर चालणारा क्लच असतो, तेच ते कपलिंग. ऑटो मोडमध्ये पुढची चाकं घसरली की तो मागची जोडतो, लॉकमध्ये जोडूनच ठेवतो. वर पोचल्यावर लाखभर रुपयांचा हिशोब मिटला.

जुलैत, लावणीच्या आठवड्यात, ओढ्यातल्या एका धारदार दगडाने पुढच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, कापली. बोटभर लांब चीर, आतले धागे दिसत होते. साइडवॉलला पंक्चर काढत नाहीत. स्टेपनी लावून पुण्यात आलो आणि एका टायरच्या दुकानात गेलो. गाडी ऑल-व्हील आहे, दोनच बदलले तर चालतील का, हे मी स्पष्ट विचारलं. उत्तर आलं, 'काही फरक पडत नाही साहेब, पुढचे दोन टाका, मागचे अजून वर्षभर जातील.' १७,२०० रुपये दिले आणि निघालो. या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. ठाऊक नसेल तर माणसाने ठाऊक नाही म्हणावं.

आठ दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळण घेताना गाडी मागून अडखळायला लागली. कोणीतरी मागचा बंपर धरून सोडतंय, असे झटके. ऑटोवर असताना यायचे, नॉब टू-व्हीलवर घेतला की गायब. वर्कशॉपने एवढ्यावरूनच कपलिंग बाद ठरवलं. टायरकडे कोणी वाकून पाहिलंही नाही.

खरं कारण धायरीतल्या एका गॅरेजवाल्या काकांनी शोधलं, तेही खडूने. उजव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरवर, जमिनीला टेकतो बरोबर तिथे, एकेक रेघ मारली. गाडी न्यूट्रलवर घेऊन दोघांनी सरळ रेषेत ढकलली. मागच्या चाकाची रेघ दहाव्यांदा जमिनीला टेकली तेव्हा पुढच्या चाकाची रेघ अजून वीतभर मागे होती. काकांनी त्या अंतरावर स्वतःची वीत ठेवून दाखवली आणि म्हणाले, 'हे बघा तुमचं कपलिंग.'

घरी येऊन गणित मांडलं. टायर २१५/६५ आर १६. नव्याची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, माझ्या मागच्यांची ४. म्हणजे व्यासात ८ मिलिमीटरचा फरक. दिसायला काहीच नाही. पण एका किलोमीटरला नवं चाक साधारण ४६४ वेळा फिरतं आणि झिजलेलं ४६९ वेळा. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळून घेतं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला फरक सोसायला मात्र फक्त तो क्लच असतो. दर किलोमीटरला पाच फेरे तो घासत राहणार, वर कॉम्प्युटरला वाटणार की चाकं घसरतायत.

सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना नवल वाटलंच नाही. 'पाव्हणं, एक बैल उंच आन् एक ठेंगणा जुपला की जू कलतंय, मग मानंला घट्टं पडत्यात. तुमच्या गाडीचं तेच झालंय.' कंपनीच्या मॅन्युअलमध्येही चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे आणि सारख्या झिजेचे असावेत असं लिहिलेलं आहे. मी ते आधी वाचायला हवं होतं.

मग आणखी १७,२०० घालून मागेही तेच टायर बसवले. डिफरन्शियलचं ऑइल खबरदारी म्हणून बदललं. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये ऑटोवर चार चकरा मारल्या. एकही झटका नाही. आज तीन महिने झाले, अजून नाही.

नव्या टायरनी आणखी एका बाबतीत डोळे उघडले. पाबे घाट उतरताना भर पावसात गाडी जिथे मागून हलकीशी सरकायची, तिथे आता सरळ राहते. चार चाकं ओढणारी असली तरी त्याचा उपयोग पुढे जायला; थांबताना आणि वळताना सगळा भार टायरवरच. जूनमधल्या त्या चढाचं अर्धं श्रेय मी सिस्टीमला जास्तीचं दिलं होतं, असं आता वाटतं. डांबरी रस्ता आणि अधूनमधून कच्चा, एवढंच तुमचं काम असेल तर टू-व्हील घ्या आणि वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर टाका. माझ्यासारखा ओला चढ दर पंधरा दिवसांनी असेल तरच ऑल-व्हील.

हीच गाडी जुनी बघायला गेलात तर इंजिनाच्या आधी खाली बसून चारही टायरवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही एकाच मेकचे आहेत का बघा, नक्षीची खोली गेजने मोजा. गेज शे-दीडशे रुपयांत मिळतं. दोन नवे, दोन जुने दिसले तर चार टायरचे पैसे किमतीतून कमी करून मागा आणि ऑटोवर पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू गोल फिरवून पाहा.

माझे टायर हायवे टेरेनचे, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे आहेत. डांबरावर शांत, पण आमच्या चिकट तांबड्या मातीत खाचा भरल्या की गुळगुळीत होतात. अशा वेळी हवा २४ पीएसआयपर्यंत उतरवतो, परत डांबर लागलं की डिकीतल्या पंपाने ३३. स्टेपनी अजून जुनीच आहे. ती लावायची वेळ आली तर नॉब टू-व्हीलवर ठेवून फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत.

दिवाळीनंतर मळणी झाली. मागची सीट पाडून तांदळाची चार पोती घेऊन त्याच चढावरून उतरलो. घरी आल्यावर गेज लावलं : पुढे ७.४, मागे ७.५. या टायरचे आठ हजार किलोमीटर पूर्ण झाले की पुढचे मागे घेणार आहे, तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवला आहे.