जुन्या गाडीचा ब्रेक: तालुक्यातला मिस्त्री की कंपनीचं वर्कशॉप?

पंधराव्या वर्षाला टेकलेली अल्टो, इंडिका नाहीतर बोलेरो, आणि ब्रेक 'पहिल्यासारखा लागत नाही' ही तक्रार. मराठवाड्यात अशा वेळी दोन वाटा असतात. एक, तालुक्याला बसस्टँडमागचं मिस्त्रीचं गॅरेज. दुसरी, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं कंपनीचं वर्कशॉप. बहुतेक लोक दर विचारून ठरवतात. माझ्या मते पेडल पायाखाली कसं वागतं त्यावरून ठरवावं, आणि ते कळायला अंगणातली पाच मिनिटं पुरतात.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. आता एकाच जोराने दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर ब्रेकचं तेल कुठेतरी निसटतंय. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसत नसेल, बोनेटखालीही काही गळत नसेल, तर संशय मास्टर सिलेंडरच्या (पेडलचा जोर तेलावर ढकलणारा मुख्य सिलेंडर) आतल्या रबरांवर जातो. पेडल जागेवर टिकलं, तर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, चांगला असेल तर पेडल किंचित खाली जातं. जराही हललं नाही, तर बूस्टर, त्याचा पाईप किंवा त्याला लागणारा व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी) यात खोट आहे. जुन्या डिझेल गाड्यांत तो व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो. तो पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, म्हणून बूस्टर बदलण्याआधी तिकडे बघायला सांगा.

पेडल पहिल्यांदा खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. 'मालक, मास्टर गेला' हे उत्तर इथेच घाईने मिळतं. हँडब्रेक ओढा आणि मग पेडल दाबा. आता ते वरच लागलं तर मागचे शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टमेंट एवढंच काम आहे. फरक पडला नाही आणि पाय स्पंजवर पडल्यासारखा वाटला, तर तेलाच्या लाईनमध्ये हवा आहे.

इथपर्यंतची सगळी दुखणी मिस्त्रीची. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नसलेल्या गाडीत ब्रेक म्हणजे तेल, रबर आणि लायनर (शूवरचा घासणारा थर). त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, अनुभवी हात लागतो. मिस्त्रीची खरी जमेची बाजू ही की काम तुमच्यासमोर उघडतं. मागचं चाक निघतं, ड्रमवर हातोडीचे ठोके पडतात, ड्रम सुटतो तशी काळी भुकटी खाली सांडते. (ती हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला लावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.) मग तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने व्हील सिलेंडरचं (शू ढकलणारा चाकातला छोटा सिलेंडर) रबर जरासं उचलतो. आत कोरडं असेल तर ठीक. तेल ओघळलं तर सिलेंडर गेला, आणि त्या तेलात भिजलेले शूही गेले. शेजारी उकिडवं बसून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. वर्कशॉपमध्ये काचेपलीकडे बसायचं आणि जॉबकार्डवर 'रिअर ब्रेक ओव्हरहॉल' वाचायचं. चहा मात्र तिथे बरा असतो.

मिस्त्रीकडे दोन गोष्टींत डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. पहिली म्हणजे रबरं पेट्रोल-डिझेलने धुण्याची सवय. त्याने रबर फुगतं आणि नव्या रबरांचं किटही टिकत नाही. धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. दुसरी, फळीवरची अर्धी उघडी बाटली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 (ही ब्रेक ऑइलची प्रत) तेलाचा उकळबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या तेलासाठी मानकाची किमान मर्यादा 140 अंशच आहे. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. कन्नड किंवा मांजरसुंब्याच्या घाटात, मे महिन्याच्या उन्हात, उतारभर ब्रेकवर पाय ठेवून आलात की हा फरक पायाला कळतो: तेलात वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. सीलबंद बाटली स्वतः नेऊन द्या.

किट टाकायचं की नवा मास्टर सिलेंडर, या वादात माझा कौल नव्याकडे. किट म्हणजे नुसती रबरं. सिलेंडरच्या आत ओरखडे किंवा गंज असेल तर तीच जागा नवं रबर पुन्हा कापते. आतून आरशासारखा गुळगुळीत निघाला, तरच किटवर भागवा.

आता वर्कशॉपचा मान. एबीएसचा दिवा पेटून राहत असेल तर सरळ तिकडेच जा. कंपनीचा स्कॅनर कोणत्या चाकाचा सेन्सर बोलतोय ते सांगतो. अंदाजाने सेन्सर बदलत बसणं महाग पडतं. भारतात नव्या मॉडेलच्या कारना एबीएस 2018 पासून आणि चालू मॉडेलना 2019 पासून सक्तीचं झालं, म्हणून त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ते नसतंच. वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, हे दुखणंही वर्कशॉपचं, कारण डिस्क (चाकामागची ब्रेकची तबकडी) डायल गेजवर, म्हणजे वाकडेपणा दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर, मोजावी लागते. लेथवर डिस्क घासून मिळते, पण किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली तर बदलायचीच. वर्कशॉपचा दोष म्हणजे 'अख्खी असेंब्ली बदला' हा हट्ट. शिवाय मॉडेल बंद झालेलं असलं की पार्टसाठी थांबणं आलं.

गाडी एका बाजूला ओढते तेव्हा आधी टायरची हवा बघा. ती सारखी असेल तर जाम कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) किंवा आतून फुगलेला रबरी होज (तेलाची नळी), आणि ते मिस्त्री सोडवतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये सुकून शू अडकतात, तेही त्याचंच काम.

पेडल खाली सरकतंय, तेल गळतंय किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय, यातलं काहीही असेल तर शहरातलं वर्कशॉप कितीही भारी असो, गाडी तिकडे चालवत नेऊ नका. ऊस हंगामात पुढची ट्रॅक्टर-ट्रॉली कधी थांबेल त्याचा नेम नसतो. मिस्त्रीला घरी बोलवा, नाहीतर गाडी उचलून न्या. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढते, त्याआधी गाडी तपासली जाते. ती वाढवायचीच असेल तर मास्टर सिलेंडरबरोबर चारही चाकांकडचे रबरी होज त्याच वेळी बदलून घ्या. लाईनमधली हवा तशीही एकदा काढायचीच आहे.