मराठी की-बोर्डचे स्टिकर: घ्या, पण एफ आणि जे कोरे ठेवा

नाशिकच्या एमजी रोडवर कॉम्प्युटरच्या सुट्या वस्तूंच्या दुकानांत मागितले तर हे स्टिकर दोन तऱ्हांचे मिळतात. काळे अपारदर्शक, ज्यांवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही छापलेलं असतं. आणि पारदर्शक, ज्यांच्या कोपऱ्यात फक्त मराठी अक्षर असतं. की-बोर्डला आतून दिवे असतील तर काळे घेऊ नका, उजेड अडतो.

शीट हातात आल्यावर आधी ‘क’ शोधा. ‘क’ के वर असेल तर शीट इन्स्क्रिप्टची, डी वर असेल तर रेमिंग्टनची; कीवर मराठी अक्षरं मांडायच्या या दोन पद्धती, म्हणजे लेआउट. हा फरक अक्षरांच्या जागांपुरता नाही. दोन्हींत ऱ्हस्व वेलांटी एफ वरच आहे, पण रेमिंग्टनमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी दाबायची, आणि इन्स्क्रिप्टमध्ये उच्चारासारखी, अक्षरानंतर. ‘किती’ रेमिंग्टनमध्ये एफ-डी-आर-एच होतं, इन्स्क्रिप्टमध्ये के-एफ-एल-आर. एक क्रम डोळ्याचा, दुसरा कानाचा. राज्य परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या टायपिंग परीक्षेला बसायचं असेल तर लेआउट कोणता हे क्लासमध्ये विचारूनच शीट घ्या. पुढचं सगळं इन्स्क्रिप्टबद्दल आहे.

सगळ्यात मोठा दोष एफ आणि जे वर आहे. त्या दोन कीवर बोटाला लागणारी बारीक उंच रेघ असते, तिच्यामुळे न बघता दोन्ही तर्जन्या जागेवर येतात. जाड स्टिकर बसला की रेघ बुजते आणि प्रत्येक ओळीआधी मान खाली जाते. एफ वर वेलांटी आणि जे वर र, एवढं सहज पाठ होतं. तिथे स्टिकर लावूच नका. लावायचाच असेल तर खालची पट्टी कापून लावा.

मान खाली जाण्याने एवढं काय बिघडतं? न कळत होणाऱ्या शिकण्यावरचा मानसशास्त्रज्ञ निसेन आणि बुलेमर यांचा १९८७ चा प्रयोग साधा होता. चारपैकी एका जागी दिवा लागतो, त्याखालचं बटण दाबायचं. दिवे लागण्याचा १० टप्प्यांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा येत होता. स्मृतिदोष असलेल्या रुग्णांना तो क्रम जाणवलाही नाही, तरी त्यांचा वेग वाढला. मग हे शिकतं कोण, डोळा की बोट? विलिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हात एकमेकांवरून ओलांडून बटणं दाबायला लावली आणि मग हात सरळ करवले. दाबायच्या जागांचा क्रम तोच राहिला तेव्हा सराव टिकला. बोटांचा क्रम तोच ठेवून जागा बदलल्या, तेव्हा टिकला नाही. म्हणजे मुरतं ते ‘कुठे दाबायचं’. डोळ्याचाही वाटा असतो: नजर कुठून कुठे जायची याचा क्रमही न कळत शिकला जातो. स्टिकरची अडचण नेमकी इथे आहे असं आमचं मत. कागद, की, स्क्रीन अशी नजरेची फेरी रोज घोटली तर तीच पक्की होते.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन लोगन यांच्या गटाने २०१४ मध्ये मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्यांना कोऱ्या की-बोर्डचं चित्र भरायला दिलं, तर इंग्रजी अक्षरं सरासरी १५ च बरोबर बसली. बोटांना माहीत असलेलं सगळं डोक्याला सांगता येत नाही, त्यामुळे तक्ता घोकत बसण्यात फारसा अर्थ नाही.

सुटी अक्षरं घोटण्याऐवजी शब्द घ्या. ‘नाशिक’: व्ही, ई, शिफ्ट-एम, एफ, के. ‘कांदा’: के, ई, एक्स, ओ, ई. खरी गोची डाव्या मधल्या बोटाची. काना ई वर, पाय मोडण्याची खूण डी वर, म सी वर आणि ण शिफ्ट-सी वर, म्हणजे चारही त्याच एका बोटाचे. म्हणून ‘काम’, ‘माणूस’ आणि विशेषतः ‘म्हणजे’ (सी, डी, यू, शिफ्ट-सी, पी, एस) अडखळतात. उजव्या करंगळीने शिफ्ट धरून हे तीन शब्द हळू, चूक न करता, सलग २० वेळा लिहा. चुकत चुकत पळालात तर चुकीचा क्रमही तितकाच मुरतो. ‘अर्ज’ लिहिताना रफार स्क्रीनवर ज येईपर्यंत नीट दिसत नाही. नवखा तिथे थांबून मागचं खोडतो. थांबू नका, पी दाबा.

सराव नेहमी त्याच की-बोर्डवर आणि त्याच उंचीवर करा. पूर्ण आकाराच्या की-बोर्डवर दोन कीच्या मध्यांतलं अंतर साधारण १९ मिमी असतं. छोट्या लॅपटॉपवर ते कमी झालं की जागा हुकतात.

महिन्यातून दोन-चार अर्ज मराठीत टाइप करणाऱ्याला स्टिकर पुरेसे आहेत, बेलाशक घ्या. परीक्षेच्या विद्यार्थ्याने मात्र तीच अक्षरं कागदावर छापून स्क्रीनशेजारी डोळ्याच्या रेषेत चिकटवावीत. नजर वर राहते आणि की बोटांनाच शोधावी लागते. स्टिकर आधीच लावलेले असतील तर दुसऱ्या आठवड्यापासून र, क, त, प अशी मधल्या ओळीतली काढायला लागा, बाकीची नंतर. की-बोर्डची वायर काढून हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, कोपरा नखाने उचला, आणि उरलेला गोंद सॅनिटायझर लावलेल्या कापसाने पुसा. कापूस पिळून घ्या, नाहीतर ओल कीखाली उतरते.