शर्ट शिवायचा की तयार घ्यायचा?

ऑफिससाठी बेताच्या खर्चात शर्ट हवा, तर पुण्यात दोन वाटा: लक्ष्मी रोडवर कापड घेऊन शिंप्याकडे टाका, किंवा कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून तयार उचला.

शिवायचा असेल तर आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंची पन्ह्यात मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर पुरतं. ३६ इंचीत सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. चौकड्याचं असेल तर रेघा जुळवायला थोडं जास्त. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कॉलर गळा आवळते. माप देताना पोट आत ओढू नका. शिंपी फसतो, बटणं फसत नाहीत.

तयार शर्ट लगेच मिळतो, पण रस्त्यावरच्या स्टॉलवर घालून बघायची सोय बहुधा नसते. अंगावर नीट बसणारा जुना शर्ट सोबत न्या, खांद्याला खांदा लावून बघा. बाजू आत घेणं, लांबी कमी करणं सोपं. खांदा उतरत असेल तर मात्र सोडून द्या. बाही उसवावी लागते, आणि शिवणावळ शर्टाच्या किमतीला भिडते.

रोजच्या वापराला तयार चालेल. पोट सुटलेल्यांनी किंवा हात लांब असणाऱ्यांनी शिवूनच घ्यावा.