समुद्रालगतचे विकसित गुरांचे कुरण विकताना: लिलाव, प्रस्ताव की थेट सौदा?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात रॉकहॅम्प्टन आणि मकाय या शहरांच्या दरम्यान, मार्लबरो आणि सेंट लॉरेन्सच्या परिसरात, खाडीला भिडलेली मोठमोठी चराऊ कुरणे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले असे एखादे कुरण विकायला निघते, तेव्हा कुटुंबापुढे दोन प्रश्न असतात: विक्री कोणत्या पद्धतीने करायची, आणि जमीन गुरांसकट द्यायची की रिकामी. दलालाबरोबरच्या पहिल्या बैठकीत चर्चा बहुधा किमतीचीच होते. माझ्या मते मात्र किंमत या दोन उत्तरांतूनच ठरत जाते, म्हणून त्यांचा विचार आधी व्हावा.

विकसित कुरणाची बरीचशी किंमत वरवर फिरताना डोळ्यांत भरत नाही. उंचवट्यावरील गाळाच्या खोल जमिनीत ओळीने लावलेली सुबाभूळ, कूपनलिकेपासून प्रत्येक पॅडॉकच्या (कुंपण घातलेल्या चराऊ तुकड्याच्या) टाकीपर्यंत जमिनीखालून नेलेले पाइप, आणि सखल भागात बांध घालून पावसाचे गोडे पाणी अडवलेली पाणथळ कुरणे यांवर वर्षानुवर्षे पैसा ओतलेला असतो. बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवणे आणि गोडे आत राखणे म्हणजे काय, हे कोकणातील खारबंदिस्ती पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सेंट लॉरेन्सजवळच्या ब्रॉड साउंडमध्ये भरती-ओहोटीतील फरक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सर्वाधिक असतो, त्यामुळे तिथे बांध कोणत्या अवस्थेत आहे हे उधाणाच्या दिवशी जाऊन पाहणारा ग्राहकच खरा जाणकार. सुबाभळीतील मिमोसिन गुरांना बाधू नये म्हणून त्यांच्या पोटात सोडायचे जिवाणू दिले गेले आहेत का, गाजर गवत कोणत्या पॅडॉकपर्यंत पोहोचले आहे, हेही असा ग्राहक विचारतो. विक्रीच्या पद्धतींची तुलना करताना मी हाच निकष लावतो: ही सगळी माहिती पारखायला ग्राहकाला किती वेळ मिळतो?

जाहीर लिलावात हा वेळ कमी असतो. हातोडा पडला की करार बिनशर्त होतो, साधारणपणे दहा टक्के अनामत तिथेच भरावी लागते, आणि कर्ज मंजूर झाले नाही ही सबब नंतर चालत नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा निश्चितपणा फार मोलाचा आहे. शिवेला शिव लागून असलेल्या दोन-तीन शेजाऱ्यांना ती जमीन मनापासून हवी असेल, तर लिलावाइतका चांगला भाव दुसऱ्या कोणत्याही मार्गाने क्वचितच मिळतो. कारण शेजाऱ्याला बांधही माहीत असतो आणि पाण्याची खोडही, त्याला पारखायला वेळ लागतच नाही. मात्र बोली राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने आधी ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत, पोहोचली नाही, तर शेवटचा आकडा सगळ्या पंचक्रोशीने ऐकलेला असतो, आणि पुढची प्रत्येक वाटाघाट त्या आकड्यापासून सुरू होते. हा धोका मी हलका मानणार नाही.

ठरावीक तारखेपर्यंत बंद पाकिटातून प्रस्ताव मागवण्याच्या पद्धतीत विक्रीला अधिक आठवडे लागतात आणि पहिले प्रस्ताव सहसा बंधनकारक नसतात, त्यामुळे मध्येच ग्राहक गळण्याची शक्यता राहते. तरीही मोठ्या कुरणासाठी माझा कल या पद्धतीकडे आहे. गुंतवणूक कंपन्या आणि पेन्शन फंड यांना संचालकांच्या मंजुरीशिवाय बोली लावता येत नाही. लिलावाच्या सभागृहात ते बहुधा नसतातच, इथे मात्र ते येऊ शकतात. शिवाय 2022 मध्ये भरतीचे पाणी पुन्हा आत घेऊन खारफुटी वाढवण्यासाठी कार्बन क्रेडिट देणारी सरकारी पद्धत लागू झाल्यापासून, ज्या सखल जमिनीला गुराखी दुय्यम मानतो तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारा ग्राहकही असू शकतो. प्रस्ताव मागवल्याशिवाय तो कळणार कसा?

गाजावाजा न करता ओळखीतल्या ग्राहकाशी थेट सौदा करणे सगळ्यांत सोपे आणि कमी खर्चाचे असते. पण जी शेतजमीन खुल्या पद्धतीने, किमान 30 दिवस जाहिरात करून विक्रीला ठेवलेली नाही, तिच्या खरेदीला परदेशी गुंतवणूकदाराला सरकारी मंजुरी मिळणे सहसा अवघड असते. म्हणजे गुपचूप विकणारा एक अख्खा गट स्वतःच वगळतो. पद्धत कोणतीही असो, 1 ऑगस्ट 2025 पासून क्वीन्सलँडमध्ये मालकी हक्काची जमीन विकताना ग्राहकाला सही करण्यापूर्वी विहित नमुन्यातील माहितीपत्रक द्यावे लागते. ते लिलावालाही लागू आहे.

आता गुरांचा प्रश्न. किनारपट्टीवर गोचिडांचा प्रादुर्भाव असतो, म्हणून इथे ‘ब्राह्मण’ नावाच्या जातीची आणि तिच्या संकरातील गुरे पाळली जातात. (ही जात अमेरिकेत गीर, गुजरात, नेल्लोर यांबरोबरच आपल्या कृष्णाकाठच्या जनावरांच्याही रक्तातून घडली आहे.) गोचीड नसलेल्या आतल्या भागातून गुरे इथे आणणाऱ्याला आधी गोचीड तापाची लस टोचावी लागते आणि तरीही काही जनावरे गमवावी लागू शकतात. त्या जमिनीत जन्मलेल्या, तिथले पाणवठे ओळखणाऱ्या गाभण गाई हे त्याच्या दृष्टीने आयते भांडवल असते, त्यामुळे दूरच्या ग्राहकाला गुरांसकट विक्री सोयीची पडते. लगतच्या शेजाऱ्याकडे स्वतःचा कळप असतो. त्याला रिकामी जमीनच हवी असते.

गुरांसकट विकताना वाद होतो तो मोजणीवर. खारफुटीच्या कडेने आणि झुडपांत लपणारी जनावरे एका दिवसात हाती लागत नाहीत. म्हणून मोजलेल्या प्रत्येक जनावराच्या शेपटीचा गोंडा कापतात. पुढच्या आठवड्यात हेलिकॉप्टरने दुसऱ्या पॅडॉकमधून हाकत आणलेल्या कळपात सरळ कापलेली शेपटी दिसली, की ते जनावर पुन्हा मोजणीत धरायचे नाही. गाई, कालवडी, गोऱ्हे, वळू यांचे वेगवेगळे दर आणि कमी-जास्त निघालेल्या संख्येचा हिशेब करारातच लिहिलेला असावा. रिकामी जमीन विकायची असेल, तर गुरे रॉकहॅम्प्टनजवळच्या ग्रेसमीअरच्या गुरांच्या बाजारात न्यावी लागतात आणि त्या महिन्याच्या भावाला सामोरे जावे लागते.

एकरकमी किमतीतील किती भाग जमिनीचा आणि किती गुरांचा, हे ठरवताना कर सल्लागार जवळ असू द्यावा. गुरांची विक्री हे सामान्य उत्पन्न धरले जाते, जमिनीवर भांडवली नफ्याचे नियम लागतात, आणि 20 सप्टेंबर 1985 पूर्वी घेतलेले तुकडे सर्वसाधारणपणे त्या करातून सुटतात. भांडवली नफ्याची तारीख म्हणजे करारावर सही झाल्याचा दिवस, ताबा दिल्याचा नव्हे. तिथले आर्थिक वर्ष 30 जूनला संपत असल्याने जूनच्या शेवटच्या आठवड्यातील लिलाव आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातील लिलाव यांत कर भरण्याचे एक अख्खे वर्ष बदलते. पावसाळा सरल्यावर, मार्च ते मे या काळात, गवत आणि पाणी दोन्ही भरपूर असतात. त्या वेळी पाहणी ठेवून प्रस्तावांची अंतिम तारीख जूनच्या मध्याला आणली, तर वाटाघाटी होऊन सही जुलैत पडू शकते.