मासळी पूर्ण सोडावी की दोन वार ठेवावी?

आमच्या मालवणच्या घरात दोन वर्षं झाली, दोन तऱ्हेची ताटं वाढली जातात. वहिनीने मासळी, अंडी, दूध सगळंच सोडलं. मी बुधवार-रविवार मासे ठेवलेत, बाकी पाच दिवस शिवराक, म्हणजे शाकाहारी. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे तसेही बिनमासळीचे, त्यामुळे मला मंगळवार आणि शुक्रवारच बदलावे लागले. वहिनीला अख्खं स्वयंपाकघर बदलावं लागलं.

पहिला प्रश्न सगळे प्रोटीनचा विचारतात. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या कुळथात २२. कागदावर बरोबरी झाली, ताटात होत नाही. पिठीच्या वाटीत कुळथाचं पीठ जेमतेम दोन चमचे, म्हणजे प्रोटीन चार-पाच ग्रॅम. वहिनीचे पहिले दोन महिने पिठी-भातावर गेले आणि दुपारी चार वाजले की तिच्या पोटात कावळे ओरडायचे. मग मोड आलेल्या कुळथाची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, वाल असं काहीतरी दोन्ही जेवणांत आलं, भात एकाच मुदीवर आला, तेव्हा कुठे जमलं. कडधान्य मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं की पोट फुगतं. दूध सोडणार असाल तर नाचणी रोज हवी. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझ्या वाटेवर एवढा हिशेब लागत नाही.

खरा फरक बी-१२चा आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. यकृतातला साठा बरेच महिने, कधी काही वर्षंही पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं आणि नंतर थकवा, हातापायांना मुंग्या सुरू होतात. वहिनी डॉक्टरांना विचारून गोळी घेते, वर्षातून एकदा रक्त तपासते. हे करायची तयारी नसेल तर पूर्ण सोडू नका, मी अगदी कळकळीने सांगते.

पावसाळ्यात मात्र तिची वाट सोपी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, ताजी मासळी महाग. मग माझ्यासारखीचा हात सुकटीकडे, खाऱ्या बांगड्याकडे जातो. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि रक्तदाब असलेल्याला तो खारा तुकडा परवडत नाही. तिच्या ताटात तेव्हा टाकळा, फोडशी, अळू असतं.

वहिनीचं एक चुकलं होतं: मासे गेले तशी वाटपातली खोबऱ्याची कवड वाढली. खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते. शिवराक जेवण म्हणजे हलकंच असतं असं नाही.

ठरवायचंच असेल तर माझं मत: जूनमध्ये दोन वारांवर या, श्रावण पूर्ण शिवराक काढा, मग पुढचं बघा. रात्रीचं जेवण साडेसातपर्यंत आणि किनाऱ्यावर अर्धा तास चालणं, हे दोन्ही वाटांवर सारखंच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि तळलेल्या तुकडीची आठवण आली की निरफणसाचे काप मीठ-मसाला, कोकमाचं आगळ लावून ठेवा आणि रव्यात घोळवून थोड्या तेलावर परता. वहिनी रविवारी तेच करते. आता माझ्या ताटातही दोन काप पडतात.