चेरोकी पर्पल आणि ग्रीन झेब्रा: दोन हिवाळ्यांनंतर

पुण्यात गच्चीवर, पंधरा इंची ग्रो बॅगमध्ये टोमॅटोची ही दोन्ही वाणं लागोपाठ दोन हिवाळे लावली. पहिल्या वर्षी बी ऑनलाइन मागवलं. चेरोकी पर्पलच्या सहा रोपांतलं एक चक्क साधं लाल, गोल फळ देणारं निघालं. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. तेव्हाच ठरवलं, यापुढे बी घरचंच धरायचं.

चव मात्र पैसे वसूल. चेरोकी पर्पल पिकल्यावर मातकट जांभळा होतो, पण देठाकडचा भाग हिरवाच राहतो. तो लाल व्हायची वाट बघत मी पहिली दोन फळं झाडावरच तडकवली. आंबटपणा बेताचा, गर भरपूर. जाड चकती कापावी, मीठ भुरभुरावं आणि तशीच खावी. आमटीत वाया जातो. ग्रीन झेब्रा हे अमेरिकेत नवी वाणं तयार करणाऱ्या टॉम वॅग्नर यांनी 1983 मध्ये आणलेलं वाण. पट्ट्यांमधला हिरवा रंग पिवळसर झाला आणि फळ बोटाला किंचित दबलं की तोडायचं. तव्यावर भाजून लसूण-मिरचीसोबत ठेचलं की भाकरीला दुसरं काही लागत नाही.

उत्पन्न कमी. चेरोकी पर्पलच्या झाडाला जेमतेम आठ-दहा फळं. रात्री उकडायला लागलं की फूल गळतं, म्हणून सप्टेंबरातच बी टाकावं. पाण्यात खंड पडला तेव्हा फळांची बुडं काळी पडली. पांढऱ्या माशीमुळे एका झाडाची पानं आकसून मुरडली, ते लगेच उपटलं.

आता बी. ही संकरित वाणं नाहीत, त्यामुळे बियांतून तेच वाण परत येतं. निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्यायचं, बिया गरासकट काचेच्या पेल्यात काढायच्या, वर फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, वर पांढरी साय धरते. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखतं, ते आंबल्यावर सुटतं. चांगलं बी तळाशी बसतं. एकदा चार दिवस ठेवलं तर पेल्यातच मोड आले. आपल्या हवेत दोन दिवस पुरेत. मग गाळणीत धुऊन चिनी मातीच्या बशीत, सावलीत वाळवायचं. कागदावर टाकलं की चिकटून बसतं. वाळलेल्या बियांवर बारीक लव दिसते, हाताला मखमली लागते.

दुसऱ्या वर्षी घरचं वीस बी टाकलं, सतरा उगवलं आणि एकही रोप वेगळं निघालं नाही. चेरोकी पर्पलचं बी 1990 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीहून जॉन ग्रीन यांनी जुनी वाणं जपणाऱ्या क्रेग लेहूलियर यांना टपालाने पाठवलं, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं. हे वाचल्यापासून मी बियांच्या पुड्या सोसायटीत वाटतो आहे.

टोमॅटोचं परागीकरण बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं, तरी गच्चीवर मधमाश्या भरपूर आहेत, त्या दुसऱ्या वाणाचे परागकण आणू शकतात. त्यामुळे यंदा बियांसाठी राखलेल्या फुलांच्या घोसांना कळी असतानाच जाळीच्या पिशव्या बांधल्या आहेत.