नर्मदेच्या पुरातलं पदक

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. नाणी बघायला मी तिथे बरीच वर्षं जातो. दिवाळीआधी दुकानदारानं रुमालात गुंडाळलेलं एक पदक काढलं. "भिया, खानदानी चीज है, आपके लिए ही रखी थी."

जीव वाचवणाऱ्यांना गौरवणाऱ्या रॉयल ह्यूमेन सोसायटी या ब्रिटिश संस्थेचं ब्राँझ पदक. पुढच्या बाजूला विझलेल्या मशालीवर फुंकर घालणारं पोर, पदकाच्या कडेवर एका मराठी कॉन्स्टेबलचं नाव आणि 1894. नर्मदेकाठच्या बडवाहला पुरात उडी टाकून त्यानं एक मूल वाचवलं, म्हणे. आता पणतू विकतोय. पणतूला भेटता येईल का? "वो शरमिंदा होते हैं."

माझं आजोळ बडवाहचं. विरघळलोच. अठरा हजार मोजले, पावतीसुद्धा घेतली नाही. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती विकायचा धंदा करायला परवाना लागतो, हे दुसऱ्यांना मीच सांगत असतो!

महूला एक काका पदकं जमवतात. त्यांनी पदक आधी उलटं केलं. मी ती बाजू नीट पाहिलीच नव्हती, लॅटिन कोण वाचतंय! जीव वाचला असेल तर पानांच्या हाराभोवती 'नागरिकाचा जीव वाचवून हे मिळवलं' अशा अर्थाची लॅटिन ओळ असते. माझ्या पदकावर ती नव्हती. हे होतं प्रयत्न करूनही माणूस वाचला नाही, त्यासाठीचं पदक. मग बडवाहचं ते मूल?

पुढे व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आला. 1869 नंतरचं पदक 38 मिलिमीटर हवं, हे 37.4 भरलं. कड घासलेली. भिंगाखाली बघितलं तर कड चॉकलेटी आणि अक्षरांच्या खाचा आतून लख्ख, कालच कोरल्यासारख्या. पदक खरं, नाव बनावट. इंदूरच्या गिऱ्हाइकाला जवळच्याच गावचा शिपाई खपवला. कुणा गोऱ्या खलाशाचं नाव असतं तर मी त्याच्या निम्मेही दिले नसते, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक.

परत गेलो तर म्हणाला, "कल तक असली था, आज क्या हो गया?" पैसे बुडाले.

या संस्थेनं आपल्या प्रकरणांच्या नोंदी ठेवल्या आहेत. पैसे देण्याआधी नाव आणि साल कळवून विचारलं असतं तर तिथेच थांबलो असतो. आता विचारू तरी कुणाचं? घासलेल्या कडेवर मूळ नावाचं एकच अक्षर पुसट उरलंय. काका म्हणतात 'डब्ल्यू', मला 'एम' वाटतं.